वी-वनच्या अलीकडचे काका

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी नळाला पाणी कधी येतं ते सांगितलं नाही, वर गॅस ठेवलेला चालेल की नाही तेही नाही. थेट गच्चीवर नेलं, आग्नेयेकडे, विमानतळाच्या दिशेला, बोट केलं आणि विचारलं, "विमान जमिनीवरून केव्हा उठते, सांगा बरं."

"वेग आला की," मी म्हटलं.

"कोणता?"

"ते नाही माहीत." काकांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की खोली मला मिळणार हे तेव्हाच कळलं. उत्तर येणारा भाडेकरू त्यांना नकोच होता. माझ्या आधी वर राहणारा इंजिनियर सहा महिन्यांत सोडून गेला होता. तो का गेला हे काकू कधी नीट सांगत नसत. "बिचारा मधात मधात बोलत होता," एवढंच म्हणत.

घर रायपुरात, शंकर नगरात. मी भंडाऱ्याहून नोकरीसाठी आलेली, तेलीबांध्याच्या एका ऑफिसात जायची. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मालगाडीचे गार्ड. सगळी नोकरी त्यांनी गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये काढली. गाडी कुठल्या वेगानं न्यायची ते पुढचा ड्रायव्हर बघणार. काकांच्या हातात झेंडी, शिट्टी आणि एक ब्रेक. तो ब्रेकच त्या माणसाच्या अंगात मुरला होता असं माझं मत आहे. ते मी एकदा बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला, आणि ते दोन दिवस मला फार बरे गेले.

तर विमानाचे वेग. ते तीन. पहिला वी-वन, निर्णयाचा. हा वेग येईपर्यंत काही बिघडलं तर पायलट ब्रेक मारून धावपट्टीवरच थांबू शकतो. तो ओलांडला की थांबायला पट्टी पुरत नाही, मग एक इंजिन गेलं तरी उडावंच लागतं. दुसरा वी-आर, नाक उचलायचा. तिसरा वी-टू, एकाच इंजिनावर सुखरूप वर चढत राहण्याचा. हे मी चार ओळींत लिहिलं. काकांना पाऊण तास लागायचा, तोही श्रोता गप्प बसला तर.

सामान्य माणसाला समजेल असं सांगायचं, हे त्यांचं व्रत होतं. समोर जसा सामान्य माणूस, तसा दाखला. दूधवाल्याला ते उतू जाणाऱ्या दुधाचा दाखला देत, समोरच्या ब्युटी पार्लरवाल्या दीदींना अर्ध्या डोक्याला लावलेल्या रंगाचा. दीदी मला एकदा म्हणाल्या, "अंकल की बात पूरी समझ में आ गई. बस ये समझ नहीं आया कि मुझे क्यों बता रहे हैं." माझ्या वाट्याला पंगत आली होती.

"हे पाहा बेटा. तुमी पंगतीत बसले. पान मांडलं, मीठ वाढलं, भात आला. तोवर फोन आला तर उठून जाता येते, कोणी नाव ठेवत नाही. पण एकदा पहिला घास तोंडात गेला, की मंग काही होवो, जेवूनच उठा लागते. तो घास म्हणजे वी-वन."

"आणि वी-टू?"

"एक वाढपी निघून गेला तरी पंगत चालू राहते ना? तो वी-टू."

दाखला वाईट नव्हता, हे कबूल करते. वाईट हे होतं की तो मी चार वर्षांत किती वेळा ऐकला याची गणती नाही.

शिवाय हे वेग ठरलेले नसतात. वजन जास्त तर वेग जास्त. ऊन कडक तर हवा पातळ, मग पट्टी लांब लागते. पट्टी ओली तर ब्रेक धरत नाही, म्हणून वी-वन खाली आणावा लागतो. वारा समोरून हवा, पाठीमागून नको. प्रत्येक उड्डाणाआधी पायलट हा हिशेब करतात, आणि त्यांच्यावर विसंबायला नको म्हणून काकाही करत. गच्चीवर थर्मामीटर टांगला होता. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला काकूंचा जुना पिवळा परकर बांधला होता. वारा भरला की तो परकर फुगायचा आणि काका वहीत काहीतरी लिहायचे. सगळ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घराची ओळख तीच झाली. मी ऑटोवाल्याला पत्ता सांगायला लागले की तो मध्येच म्हणायचा, "वो पीले पेटीकोट वाला घर ना दीदी, मालूम है." काकू हे ऐकून पदर तोंडाला लावायच्या. हसू लपवायला लावायच्या की लाज लपवायला, ते मला कधी कळलं नाही.

काकू बोलायला कमी. कमरेचं दुखणं होतं, खुर्चीत फार वेळ बसवत नसे, स्वयंपाक उभ्यानं करत. त्यांची एकुलती एक मुलगी बंगलोरला, तिला पाच वर्षांची पोर. ती पोर जन्मली तेव्हा काका-काकू रेल्वेच्या पासवर गेले होते. मध्ये गाडी बदलून दीड दिवसाचा प्रवास. तिथं पोचल्यावर काकूंची कंबर अशी धरली की बाळंतिणीनं आईची सेवा केली. परत आल्यावर डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इतका लांबचा रेल्वेप्रवास पुन्हा नाही. मुलगी मध्ये एकदा चार दिवस येऊन गेली, तेव्हा पोर रांगत होती. त्यानंतर नात मोबाइलमध्ये.

याच्या पुढचं मला मंडळाच्या गणपतीनंतर कळलं, म्हणून आधी तो गणपती सांगते. आमच्या मराठी लोकांचा तिथं एक गणपती बसतो. शेवटच्या रविवारी दुपारी महाप्रसाद, आणि त्याच्या आधी एक व्याख्यान असतं. जेवण असल्यामुळे व्याख्यानाला गर्दी हमखास. काकांनी सेक्रेटरींना दहा मिनिटं मागितली आणि त्या भाबड्या माणसानं ती दिली. विषय होता 'विमानाचे तीन वेग: सर्वांसाठी'.

विसाव्या मिनिटाला काका दुसऱ्या वेगावर होते. मसालेभाताचा वास मांडवात शिरला होता. तिसाव्या मिनिटाला लहान पोरं रडायला लागली. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, वी-वन झाला. आता उडा." सगळा मांडव हसला. काकांनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "नाही झाला. अजून पट्टी बाकी आहे."

शेवटी शंका विचारा म्हणाले. शंका विचारायची म्हणजे जेवण आणखी लांबवायचं, म्हणून कुणी तोंड उघडेना. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाई मात्र खरंच मन लावून ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "भाऊ, तुमी कितीकदा बसले विमानात?"

काका समोरचे कागद गोळा करायला लागले. मग म्हणाले, "प्रश्न विषयाले धरून असावा."

लोक पुन्हा हसले आणि जेवायला उठले. मीही हसले. मग बायकांमध्ये बसलेल्या काकूंकडे लक्ष गेलं. त्या खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

त्या दिवशी घरी आल्यावर काकूंनी मला सगळं सांगितलं. काका एकदाही विमानात बसले नव्हते. मुलीनं पहिल्यांदा तिकिटं पाठवली तेव्हा काका म्हणाले, जायच्या आधी थोडं समजून घेतो. पुस्तकं आणली, मोबाइलवर व्हिडिओ बघितले. जसजसं समजत गेलं तसतसे जायचे दिवस पुढं गेले. उन्हाळ्यात हवा पातळ म्हणून नाही. पावसाळ्यात पट्टी ओली म्हणून नाही. हिवाळ्यात धुकं. तिकिटं तीनदा आली आणि तीनदा रद्द झाली.

"मंग तुम्ही एकट्या जा ना," मी म्हटलं.

"हे एकटे राहतीन काय? आणि मले तरी कुठं हिंमत आहे. यांचं ऐकून ऐकून माह्याही डोक्यात तेच बसलं आहे."

मला काकांचा तेव्हा खरा राग आला. भित्रेपणाचा नाही, भिणारी माणसं मला आवडतात. पण हा माणूस आपली भीती फळ्यावर लिहून, वर पाहुण्यांना शिकवून, विद्वान म्हणून मिरवत होता, आणि त्याची फी काकू भरत होत्या.

दसऱ्याच्या सुमाराला एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल सुरू होता. मी तिथंच मटार सोलत बसले होते. नातीला मराठी समजतं, पण उत्तर हिंदीत. ती बराच वेळ काकूंकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आजी, आपके पैर हैं क्या?"

तिला आठवतंय तेव्हापासून तिनं काकूंना छातीपर्यंतच बघितलं होतं. काकू खूप हसल्या. फोन मागं नेऊन पाय दाखवायचा प्रयत्न केला, तो जमेना, तर मी धरला. कॉल संपला. त्या रात्रीचं जेवण त्यांनी टाळलं आणि सकाळी चहा देताना मला म्हणाल्या, "तिकीट कसं काढते ते मले दाखव. दोन काढ. यायचंही काढ."

काका नाही म्हणाले नाहीत. आठ दिवस गच्चीवर जाऊन वही भरत राहिले. जायच्या दिवशी सकाळी मी दोघांना टॅक्सीनं विमानतळावर घेऊन गेले. काकांनी गार्डाच्या काळातला कोट घातला होता. काकूंच्या पिशवीत चिवडा आणि नातीसाठी विणलेला स्वेटर, जो तिला दोन वर्षांपूर्वी आला असता.

दारावर तिकीट आणि आधार कार्ड बघणारा जवान उभा होता. तिथून दहा पावलांवर काका थांबले.

"वारा मागून आहे," ते म्हणाले.

"मागून असो का पुढून," काकू म्हणाल्या. "चला."

"तुले समजत नाही. आज नको. पुढच्या हप्त्यात पाहू."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्या हातातली पिशवी घेतली, जवानाला आपलं कार्ड दाखवलं आणि आत गेल्या. त्यानं "अकेले हो माताजी?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "हव." काचेच्या आत एकदा वळून त्यांनी हात केला. तो मला होता की काकांना, यावर आमचं नंतर बरेच दिवस एकमत झालं नाही.

काका मला विमानतळाच्या भिंतीजवळच्या रस्त्यावर घेऊन गेले. ही त्यांची रविवारची जागा. तिथं उभं राहून ते प्रत्येक विमानाचे सेकंद मोजत आणि मोठ्यानं सांगत, हा वी-वन, हा वी-आर. त्या दिवशीही त्यांनी खिशातून रेल्वेचं जुनं घड्याळ काढलं. विमान धावायला लागलं, नाक उचललं, आमच्या डोक्यावरून गेलं, बारीक झालं. काका घड्याळ हातात धरून उभेच.

"किती झाले?" मी विचारलं.

"पाहायचं राहून गेलं," ते म्हणाले.

काकूंचं परतीचं तिकीट पंधरा दिवसांनंतरचं होतं. चौदाव्या दिवशी त्यांचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना सगळंच श्रोत्यांसमोर लागतं.

"इकडं पाऊस लागला आहे," काकू म्हणाल्या. "पट्टी ओली असन. जरा थांबते."

काका हो म्हणाले. काय बोलणार, व्याख्यान त्यांचंच होतं.

डिसेंबरात पुन्हा विचारलं तर पहाटे धुकं. तोवर काका माझ्याकडेच जेवायला लागले होते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी किती झाली की बंद करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं जन्मभर शिट्टीवर गाडी चालवली त्याचं हे ज्ञान बघून मला आसुरी आनंद झाला. काही दिवसांनी तो आनंदही शिळा झाला. माणूस वाळत चालला होता. संध्याकाळी खाली कुणी आलं तर तीन वेग सांगायचंही विसरायचे. दूधवाल्यानं मला काळजीनं विचारलं, "काका की तबियत ठीक है ना? कुछ समझाते नहीं आजकल."

फेब्रुवारी लागला. धुकं संपलं, पाऊस नाही, ऊन अजून तापलं नव्हतं. काकांनी सकाळीच फोन लावला.

"आता ये. आता हवामान एकदम मस्त आहे."

"आता कशी येऊ?" काकू म्हणाल्या. "हे गाव उंचावर आहे म्हणते जावई. उंचावर हवा पातळ राहते ना? मंग पट्टी जास्ती लागन. तुमीच तर सांगितलं होतं."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पोळी लाटत राहिले. मग त्या माणसानं जे भाषण केलं ते मी विसरणार नाही. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात शिकवण्याचा सूर नव्हता. ते सांगत होते की पट्टी ती उंची धरूनच बांधलेली असते. पायलट वजन, ऊन, वारा, सगळं हिशेबात घेतो, आणि वर थोडी जागा राखून ठेवतो. पट्टी ओली असली तरी त्याचाही हिशेब असतो. वी-वन म्हणजे धोका नाही, वी-वन म्हणजे पायलटला काय करायचं ते आधीच माहीत असणं. रोज इतकी विमानं उडतात, लोक त्यात झोपा काढतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, अगदी काही नाही.

"असं आहे काय," काकू म्हणाल्या. "मंग तुमीच या."

आणि फोन ठेवला.

माझं ऑफिसचं ट्रेनिंग त्याच महिन्यात बंगलोरला लागलं. ते मी मागून घेतलं असं काका आजही समजतात. मी त्यांचा समज दूर केलेला नाही, कारण तो खरा आहे. दोन तिकिटं शेजारशेजारची काढली. दारावरच्या जवानापाशी मी त्यांना पुढं घातलं आणि मागं उभी राहिले, म्हणजे वळले तर माझ्यावरच आदळतील.

खिडकीची जागा त्यांनी घेतली नाही. मधल्या जागेवर बसले आणि खिडकीजवळच्या व्यापाऱ्याला वी-वन समजावायला घेतला. तो भनपुरीला ट्रकचे टायर विकणारा निघाला, तर त्याला टायर फुटण्याचा दाखला दिला. तो मनुष्य पट्टा आवळून बसला आणि म्हणाला, "अंकल, ये सब उतरने के बाद बताना था." विमान वळून धावपट्टीच्या टोकाशी थांबलं. इंजिनांचा आवाज चढला. आम्ही निघालो.

काकांचा दाखला अर्धाच राहिला. त्यांनी माझं मनगट धरलं आणि डोळे गच्च मिटले.

चार वर्षांचं माझं देणं होतं. त्यांच्याच पद्धतीनं मी मनात सेकंद मोजले आणि पाठ करून ठेवलेला शब्द त्यांच्या कानाशी म्हटला, "वी-वन."

"थांबव त्याले," काका म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मला आधी वाटलं दुसरंच कुणी बोललं. "बेटा, थांबव त्याले."

"आता नाही थांबत, काका."

म्हणाले मी, पण म्हणताना मजा आली नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. मी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला. विमानाचं नाक उचललं, खाली तेलीबांध्याचं तळं की दुसरं कुठलं पाणी चमकलं, ढग आले, कमरेच्या पट्ट्यांचे दिवे विझले, चहावाली मुलगी गाडी घेऊन आली. तेव्हा कुठं काकांनी विचारलं, "उडालं काय?"

मुलीच्या घरी दार नातीनं उघडलं. तिनं आधी काकांच्या पायांकडे नीट बघून घेतलं आणि मग आत सोडलं. काकू स्वयंपाकघरात उभ्या होत्या. त्यांनी काकांना फक्त विचारलं, "कोट काहून घातला एवढ्या गरमीत?" आणि पोहे परतायला लागल्या.

दहा मिनिटांत काका सावरले. ताट उपडं घालून धावपट्टी केली, चमच्याचं विमान, आणि नातीला तीन वेग सांगायला घेतले. ते पुन्हा त्यांच्या आवाजात आले होते. पोर हनुवटी टेबलाला टेकवून ऐकत होती. वी-वन झाला, वी-आर झाला, चमचा हवेत गेला.

"खिड़की से कैसा दिखा, आजोबा? जब उड़ा तब?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "डोळे मिटले होते मी."

"क्यों?"

"भेव वाटलं."

पोरीला त्यात काही विशेष वाटलं नाही. "मुझे भी झूले में लगता है," म्हणाली, आणि चमचा स्वतःच्या हातात घेतला. काका बोटानं धावपट्टी पुसत बसले. कान लाल झाले होते.

काकू पोह्यांची बशी घेऊन आल्या आणि ती त्यांच्यासमोर, धावपट्टीच्या शेजारी ठेवली.

"मीबी मिटले होते," त्या म्हणाल्या. "पार उतरेपर्यंत. पण मी कोणाले भाषण नाही देलं."